बिनवासाचा गॅस

"अंजने, तुझ्या मागावर गोधडीएवढं जाड कापड निघंल काय गं?"

धोटा माझ्या हातातच राहिला. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, पुढ्यात साडी अर्धी विणून झालेली, आणि दारात आमचे हे उभे. कपाळापासून छातीपर्यंत नुसती काजळी.

"हत्तीला झूल घालालाईसा काय?" मी विचारलं.

"मोटारीला पायजे," हे म्हणाले. "तिला गाळून पाजायचं हाय."

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. पण ही सगळी गोष्टच त्यांची, तेव्हा एकदाच घेऊन टाकते: यल्लाप्पा. वडगावातल्या विणकराचा मुलगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या माग, आणि या बाबानं तो सोडून खासबागेतल्या मोटार कंपनीच्या शेडात फिटरकी धरली. सासरे जाईपर्यंत म्हणत होते, "पोरगं तेलात बुडालं." मग माग कोणी चालवायचा? मी. तोंडही चालवते आणि मागही चालवते, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही खोटं नाही.

लढाईचं चौथं वर्ष होतं. पेट्रोल सगळं लष्कराला जायचं. बेळगाव-निपाणी मोटारी बंद पडायची वेळ आली, तेव्हा मालकांनी प्रत्येक मोटारीच्या पाठीला एक उभं लोखंडी पिंप बसवून घेतलं. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हातानं पंखा फिरवून फुलवायचा, आणि त्यातून निघणारा गॅस नळीनं इंजिनात सोडायचा. पेट्रोलाशिवाय मोटार! पहिल्या दिवशी लोकांनी नारळ फोडले. दुसऱ्या दिवसापासून शिव्या घालायला लागले.

कारण गॅसबरोबर राख आणि डांबरासारखा चिकट मळ इंजिनात जायचा. दोन महिने झाले की इंजिन दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकायला लागे. मग ते खोलायचं, आतली काजळी खरवडायची, झिजलेल्या रिंगा काढायच्या. नव्या रिंगा लढाईत मिळणार कुठून? तवंदीच्या घाटात तर सगळ्या उतारूंना खाली उतरून मोटार ढकलावी लागे. निपाणीचे तंबाखूवाले मोठमोठे व्यापारी धोतर खोचून चिखलात ढकलतायत, आणि वरून भावकू ओरडतोय:

"ढकला रं, ढकला! तिकीट काढलं म्हंजे उपकार केलासा काय?"

हा भावकू त्या मोटारीचा ड्रायव्हर. पिरनवाडीचा, शेतकऱ्याच्या घरातला, आडदांड गडी. आवाज असा की वडगावच्या कोपऱ्यावर बोलला तर मला मागावर ऐकू यायचा. दुपारी आमच्याकडे जेवायचा. मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला वैनी. एकेकाळी फार प्यायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको मालुबाई त्याला सौंदत्तीला घेऊन गेली आणि यल्लम्माच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून थेंब नाही. "वैनी, आता मी आन् मोटार दोघंबी कोरडं," असं म्हणून पोट धरून हसायचा.

तर कापड. आठ महिने यांनी त्या गाळण्यापायी घालवले. आधी काथ्या भरून बघितला, मग तेलाच्या बादलीतून गॅस सोडून बघितला. जेवताना ताटातल्या भाताला भोकं पाडून मला समजवायचे, "हितनं असा येतोय, हितं राख बसती." मी म्हणायची, "भात खावा आधी, गॅस पळून जात न्हाय." शेवटी यांना आपल्या घरातलंच आठवलं. राख अडवायला कापडासारखं दुसरं काय आहे?

मी दुहेरी सूत घेतलं आणि फणी अशी आपटून विणलं की बोट ओलं करून दाबलं तरी पलीकडे ओल जाऊ नये. पहिलं कापड गरम गॅसनं करपलं. दुसऱ्यातून गॅसच पुढे जाईना. हे डोक्याला हात लावून बसले. मी कापड बोटांनी चोळलं आणि म्हटलं, "अवो, ह्यात खळ हाय. सुताला खळ लावल्याशिवाय मागावर चढत न्हाय. ती काढल्याशिवाय कापड वारा घील कसा?" सोडा टाकून मी ते तीनदा उकळलं. तिसऱ्या वेळी यांनी गॅसची नळी टपावरून लांब फिरवून आणली, म्हणजे गॅस थंड व्हावा, आणि कापड पावसात भिजू नये म्हणून गाळण्याची पेटी मोटारीच्या आत, मागच्या लांब बाकाखाली बसवली.

आणि जमलं! दोन महिन्यांनी इंजिन खोललं तर आतून तांब्या घासल्यासारखं स्वच्छ. त्याच कोळशात मोटार संकेश्वराऐवजी थेट निपाणी गाठायला लागली. तवंदीच्या घाटात एकही माणूस उतरला नाही. त्या दिवशी भावकू जेवायला आला तो नाचतच.

"वैनी, व्यापारी म्हणाले, आज ढकलायचं न्हाय काय? म्हटलं, बसा गप, आमच्या वैनीनं लुगडं नेसवलंय मोटारीला! आन् वास बघा, वासच न्हाय. आधी चुलीत बसल्यागत वाटायचं. आता मागच्या बाकावर झोप लागती."

वास गेला म्हणून आम्हाला केवढा आनंद झाला होता! आता सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. तो गॅस वाईट, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्याला चक्कर आली की 'गॅस लागला' म्हणायचे, त्याला वाऱ्यावर बसवून कांदा हुंगायला द्यायचे. मालकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "वास आला की मोटारीच्या बाहेर पडायचं." तेवढा एकच नियम होता, आणि तो सगळे पाळायचे.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्या भागात हत्याराला विश्रांती. विणकर मागाला हात लावत नाही, सुतार रंध्याला नाही. शेडात घोंगडं अंथरून त्यावर सगळे पाने, हातोडे, पक्कडी मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. एकदा पूजेला बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आरती होईपर्यंत हलवायचं नाही. मी गेले होते, मालुबाईही पिरनवाडीहून आली होती. मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ती जरा पुढे न्यायची, म्हणून कोळसा पेटवला होता. भावकूनं इंजिन चालू केलं, लिंबू फुटलं, सगळे 'उदे गं आई उदे' म्हणाले, आणि त्यानं इंजिन बंद केलं.

हे सवयीनं मोटारीत चढून मागच्या बाकाखाली वाकले. मी दारातच उभी होते. गाळण्याच्या पेटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा नट यांनी बोटानं हलवून बघितला. तो हलत होता. हे खाली उतरले, घोंगड्यापाशी गेले आणि एका पान्याकडे हात नेला.

मी यांचा हात धरला.

"पूजेतला पाना उचलालाईसा? शाने हाईसा न्हवं?"

"अगं, एक नट हाय. अर्धा फेरा."

"उद्या आवळा. वर्षातनं एक दिस, तेवढाबी दम निघंना काय?"

यांनी माझ्याकडे बघितलं, मालकांकडे बघितलं. मग परत मोटारीत जाऊन बोटांनीच नट जमेल तेवढा आवळला. मोटार उद्या दुपारपर्यंत हलणार नव्हती. इंजिन बंद होतं. आम्हा दोघांनाही वाटलं, काय बिघडतंय?

पण इंजिन बंद झालं तरी पिंपातला कोळसा तासन्‌तास धुमसत राहतो, आणि गॅस होतच राहतो. तेही यांना माहीत होतं. पण त्या गॅसला आता वासच नव्हता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी पाऊस आला. सगळे घरी जेवायला गेले, मालुबाई पिरनवाडीला परत गेली. पूजेतली हत्यारं उघडी टाकून जाता येत नाहीत, म्हणून भावकू राखणीला थांबला. "मी बसतो, माझं जेवण तेवढं पाठवा वैनी," म्हणाला. शेडाच्या पत्र्यातून पाणी गळायला लागल्यावर तो मोटारीत गेला असणार, झड आत येऊ नये म्हणून बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडले असणार, आणि मागच्या बाकावर आडवा झाला असणार. हे 'असणार' मी गेली काही वर्षं मनात घोळवतेय.

चारच्या सुमाराला हे डबा घेऊन गेले. भावकू कुशीवर झोपला होता. चेहरा लालबुंद, ओठसुद्धा लाल. डब्याचा आवाज केला, हाक मारली, हलवलं. तो उठलाच नाही.

माणसं जमली. जो तो तोंड बघून एकच म्हणायला लागला.

"प्यालाय. तोंड बघा की कसं तांबडं झालंय."

"सणाचा दिस, एकटा गावला. मग काय?"

"यल्लम्माची शपथ मोडली. आई सोडती व्हय?"

डॉक्टर आले, हृदय बंद पडलं असं लिहून गेले. पण लोकांच्या तोंडाला कोण कागद लावणार? संध्याकाळी पिरनवाडीला नेलं तेव्हा बोलणं आमच्या आधी तिथं पोचलं होतं. त्यांच्या घराण्यात चाल अशी की आईची शपथ पाळून गेलेल्या माणसाच्या कपाळाला घरातला भंडारा लावायचा आणि मगच उचलायचं. भावकूचा थोरला भाऊ जोतिबा देवघरासमोर आडवा उभा राहिला.

"शपथ मोडल्याल्या माणसाला भंडारा न्हाय. घरादाराचं वाटोळं करून घ्यायचं हाय व्हय?"

मालुबाई प्रेताजवळ बसली होती. तिनं वाकून नवऱ्याच्या तोंडाला नाक लावलं. सगळ्यांसमोर. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि वर बघून ओरडली, "वास न्हाय ओ! दारूचा वास न्हाय! कुणीतरी येऊन बघा की! वासच न्हाय!"

कुणी गेलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "पावसात वास गेला असंल गं बाई." आणि भावकूला कोऱ्या कपाळानं उचललं. यांनी पुढचा खांदा दिला होता.

घरी आल्यावर हे मागाच्या काठावर बसले आणि एवढंच म्हणाले, "अंजने, नट."

मला तेव्हाच कळलं होतं. मालुबाई 'वास न्हाय' म्हणाली त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी काय म्हटलं असेल? जीभ झडायला हवी होती माझी. मी म्हटलं, "गप बसा. सांगून काय माणूस परत येतोय? आठ-धा दिसांवर गाळणं बघाय पुण्याचा साहेब यायचाय. आठ महिन्यांचं मातेरं करून घ्यायचंय काय?"

हे गप्प बसले. माझं ऐकणारा नवरा मिळावा म्हणून बायका उपास करतात. मला मिळाला होता.

ते दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. हे जेवता जेवता थांबायचे आणि हवा हुंगायचे. अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवला की उठून घराची सगळी दारं उघडायचे. शेडात जाऊन एकेका मोटारीच्या मागच्या बाकावर एकटेच बसून राहायचे. मालक म्हणाले, "बरं न्हाय काय?" हे म्हणाले, "बघालोय काय व्हतंय ते." आणि मी? रस्त्यानं मोटार गेली की मला भावकूचा आवाज यायचा, "ढकला रं!" धोटा टाकून मी दाराशी जायची. मोटार निघून गेलेली असायची. परत खड्ड्यात पाय सोडले की श्वास कोंडायचा, कुणीतरी वरून ताडपत्री सोडल्यागत. मी भित्री बाई नाही. पण त्या दिवसांत मला माझ्या मागाची भीती वाटायला लागली होती, हे खरं आहे.

दहाव्या दिवशी पुण्याचा साहेब आला. आपलाच माणूस, पण डोक्याला साहेबी टोपी. मालकांनी मलाही बोलावलं होतं, कापड विणणारी म्हणून. साहेबानं पिंपाचा पंखा फिरवत ठेवायला सांगून गाळण्याच्या पुढची नळी सोडवली आणि तिच्या तोंडावर आपला पांढरा रुमाल बांधला. थोड्या वेळानं सोडून उन्हात धरला. रुमाल पांढराच्या पांढरा. त्यानं नाकाला लावला.

"वाहवा! वाससुद्धा नाही," तो म्हणाला. "मी वर कळवतो. जिल्ह्यातल्या सगळ्या मोटारींना हे बसवायचं. याला यल्लाप्पाचं गाळणं म्हणू या. बाईंना म्हणावं, कापडाची तयारी ठेवा."

शेडातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांचं नाव! विणकराच्या पोराचं नाव! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

हे हात जोडून म्हणाले, "साहेब, ह्याला वास कसा आणता यील?"

साहेब हसला. "अरे, वास घालवायला आठ महिने लागले म्हणतात ना तुझे मालक?"

"मग पेटी तरी भाईर लावूया. टपावर."

"बाहेर लावली तर पावसात कापड भिजेल. आत आहे तीच जागा योग्य."

साहेब गेल्यावर यांनी मालकांना सगळं सांगितलं. नट, पाना, वास, सगळं. मालकांनी आधी शेडाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "यल्लाप्पा, भावकू माझाबी माणूस व्हता. पण हे भाईर गेलं तर उद्या एकबी उतारू मोटारीत बसणार न्हाय. आन् गाळणंबी गेलं. तोंड उघडलास तर परत शेडात यिऊ नगोस."

हे घरी आले. मला म्हणाले, "बाराव्याला पिरनवाडीला जायचं हाय."

मी म्हटलं, "चला." त्यापेक्षा जास्त बोलायचा मला हक्कच राहिला नव्हता.

बाराव्याला आम्ही चालत गेलो. अंगणात भावकीतली माणसं बसली होती, पण थोडीच. पंगतीला येणार की नाही यावरूनही कुजबूज झाली म्हणे. मालुबाई भिंतीला टेकून बसली होती. बारा दिवसांत तिचं वय वाढलं होतं. बायका तिच्यापासून हातभर लांब.

हे अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बोलण्यात हे कधीच हुशार नव्हते.

"भावकू प्याला न्हवता," हे म्हणाले. "गॅस लागून मेला. गॅस लागला की तोंड तांबडं हुतंय. नळीचा नट ढिला व्हता. मला दिसला व्हता. खंडेनवमी म्हणून मी पाना उचलला न्हाय. आन् आधी वास यायचा, माणूस उठून भाईर यायचा. तो वास मी घालवला. मी."

"पाना मी उचलू दिला न्हाय," मी म्हटलं. "आन् आजवर गप बसा म्हणूनबी मीच सांगितलं."

जोतिबा उठून उभा राहिला, काय करावं हे त्याला कळेना, तसाच उभा राहिला. मला वाटलं आता दगड येणार. यायला हवा होता.

मालुबाईनं विचारलं, "म्हंजे त्यांनी पिल्यालं न्हवतं?"

"न्हाय."

"थेंबबी न्हाय?"

"थेंबबी न्हाय, मालुबाई," हे म्हणाले.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात देवघरातली भंडाऱ्याची वाटी होती. माझ्यापाशी थांबली.

"ते कापड तू विणलंतीस न्हवं?"

"व्हय आक्का."

"लई घट्ट विणलंस गं," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.

ती मसणवटीकडे वळली. बायका तिकडे जात नाहीत. जोतिबानं हाक मारली, "माले, कुठं निघालीस?" पण तिला अडवायला कुणी हललं नाही. हे तिच्या मागून गेले, यांच्या मागून मी, आणि मग एकेक करत अंगणातली माणसं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून नेलेली होती. वर पाऊस पडून गेला होता. तिथं नुसती काळी पडलेली जमीन होती आणि तिच्यातून गवताची बारीक पाती वर आली होती. मालुबाई वाटी धरून त्या काळ्या जागेभोवती एकदा फिरली, परत फिरली. तिला काही उमगेना. ती कधी तिथं आलीच नव्हती.

"डोस्कं कुठल्या अंगाला व्हतं?" तिनं विचारलं.

मग हे पुढे झाले, गुडघे टेकले आणि गवतावर हात ठेवून म्हणाले, "हितं."

मालुबाई खाली बसली. यांनी हात काढून घेतल्यावर तिनं त्या जागेवर बोटानं भंडारा लावला, आडवा, कपाळाला लावतात तसा.